किरण आला की किरण आली?

५ डिसेंबर २००८ रोजी जर्मनीच्या घटना न्यायालयाने एक निकाल दिला. कार्ल्सरूह शहरातल्या या न्यायालयापुढे एरवी कर, निवडणुका, पोलिसांचे अधिकार असले वजनदार विषय येतात. या वेळचा वाद तीन अक्षरांचा होता: किरण. भारताशी नाते असलेल्या एका कुटुंबाने आपल्या मुलीचे नाव किरण ठेवले आणि जन्मनोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याने ते लिहून घ्यायला नकार दिला. त्याचे म्हणणे असे, की या नावावरून मूल मुलगा आहे की मुलगी ते कळत नाही. भारतात हे नाव दोघांचेही असते. तेव्हा किरणच्या जोडीला दुसरे एखादे नाव लावा, म्हणजे घोळ राहणार नाही. आईबापांना जोडनाव नको होते. प्रकरण खालच्या न्यायालयांतून चढत चढत देशाच्या सर्वांत वरच्या पायरीवर गेले.

न्यायाधीशांनी जे सांगितले ते मराठी माणसाला साधेच वाटेल. नावावरून लिंग कळलेच पाहिजे असा नियम कायद्यात कुठेच नाही, नाव ठेवणे हा आईबापांचा अधिकार आहे आणि मुलाच्या हिताला धक्का पोचत असेल तरच सरकारने त्यात हात घालावा. किरण या नावाने मुलीचे काही बिघडत नाही. नियम कायद्यात नव्हता, तो नोंदणी अधिकाऱ्यांना दिलेल्या कार्यालयीन सूचनांत होता आणि वर्षानुवर्षे पाळला गेल्यामुळे कायद्यासारखा दिसू लागला होता. हे आपल्याकडच्या कचेऱ्यांत हेलपाटे घातलेल्यांना वेगळे समजावून सांगायला नको. गंमत म्हणजे त्या सूचनांतही एक जुनी पळवाट होती. मुलाच्या नावात दुसरे नाव म्हणून 'मारिया' चालत असे. कवी रायनर मारिया रिल्के हे त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण.

तरीही त्या जर्मन अधिकाऱ्याला हसून सोडून देणे बरोबर नाही. त्याला पडलेला प्रश्न खरा आहे. नावाचे लिंग राहते कुठे? शब्दाच्या अर्थात, व्याकरणात, ऐकणाऱ्याच्या कानात की अर्जाच्या रकान्यात? आजच्या व्याख्यानाला किरण हे एकच नाव घेतले आहे ते याच प्रश्नासाठी. सुमन, कीर्ती, ज्योती यांची हजेरी अधूनमधून लागेल, पण खुर्ची किरणची.

आधी कुळकथा. संस्कृतात 'कॄ' हा धातू विखुरणे, उधळणे या अर्थाचा आहे. विकिरण त्यातूनच आले, आणि ग्रंथालयातल्या ज्या कपाटावर 'संकीर्ण' अशी पट्टी असते, त्यातला 'कीर्ण'ही त्याच घरातला. किरण म्हणजे जे विखुरले जाते ते. ऋग्वेदात हा शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ उजेड नसून धूळ, धुळीचा बारीक कण असा आहे. उजेडाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. जुन्या माळवदाच्या घरात झरोक्यातून कवडसा पडतो आणि त्यात धूळ नाचताना दिसते, ते ज्याने पाहिले आहे त्याला हा प्रवास फार लांबचा वाटणार नाही. मुलाचे नाव किरण ठेवणाऱ्या कोणाच्या मनात धूळ असते असे मात्र नाही.

पुढे अमरसिंहाच्या कोशात किरण पूर्ण प्रकाशमान झालेला आहे. ज्याला आपण अमरकोश म्हणतो त्याचे खरे नाव 'नामलिंगानुशासन', म्हणजे नामे आणि त्यांची लिंगे यांचे शास्त्र. आजच्या विषयासाठी याहून नेमका साक्षीदार मिळायचा नाही. किरण, मयूख, अंशू, गभस्ती, भानू, कर असे प्रतिशब्द अमरसिंह ओळीने देतो. ते पुल्लिंगी. मग मरीचीपाशी तो थांबतो आणि हा शब्द स्त्रीलिंगी आणि पुल्लिंगी दोन्ही, असे बजावतो. दीधितीपाशी पुन्हा थांबून हा स्त्रीलिंगीच, असे सांगतो. म्हणजे उभयलिंगी म्हणून ज्याची नोंद झाली तो मरीची. ते आज मुलाचे नाव म्हणूनही फारसे कोणी ऐकलेले नसते. जो निर्विवाद पुरुष होता तो किरण अर्ध्या देशात बाई झाला. रश्मीचे तर त्याहून पुढे गेले. संस्कृतात रश्मी पुल्लिंगी आहे, त्याचा एक अर्थ घोड्याचा लगाम असाही आहे, आणि आज रश्मी नावाचा पुरुष शोधायचा तर दिवा घेऊन हिंडावे लागेल. मयूख मात्र मुलगाच राहिला.

असे का झाले याचे पहिले उत्तर भाषांच्या व्याकरणात सापडते. मराठीत आपण 'आशेचा किरण' म्हणतो. हिंदीत तीच 'आशा की किरण' होते. गुजरातीत 'आशानुं किरण', म्हणजे चक्क नपुंसकलिंग. एकच संस्कृत शब्द, तीन शेजारी भाषा, तीन लिंगे. पंजाबी आणि उर्दू हिंदीबरोबर गेल्या. तिथे किरण स्त्रीलिंगी. बंगालीला व्याकरणातल्या लिंगाशी देणेघेणेच नाही. कन्नड आणि तेलुगूत निर्जीव वस्तू नपुंसकात जमा होतात, त्यामुळे तिथेही शब्दाने कोणाची बाजू घेतली नाही.

खुद्द मराठीतही सगळे सरळ आहे असे नाही. एकवचनी तो किरण, पण अनेकवचनात 'सूर्याचे किरण' आणि 'सूर्याची किरणे' दोन्ही सर्रास चालतात. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात दरवर्षी ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर असा दोनदा किरणोत्सव होतो. मावळतीचा उजेड महाद्वारातून आत येतो आणि एकेका दिवशी देवीच्या पायांपासून वर सरकत चेहऱ्यापर्यंत जातो. वाटेतल्या इमारती आड आल्या, आकाशात ढग असले, धुरकट हवा असली की तो अर्ध्यावर अडतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कोणी 'किरण पोहोचले नाहीत' लिहितो, कोणी 'किरणे पोहोचली नाहीत'. दोन्ही वाचकाला खटकत नाहीत.

आता नकाशा पसरून पाहू. किरण बेदी अमृतसरच्या. १९४९ साली जन्मल्या, १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत आलेल्या पहिल्या महिला अधिकारी झाल्या. किरण खेर पंजाबी. २००६ साली बुकर पारितोषिक मिळवणाऱ्या कादंबरीकार किरण देसाई दिल्लीत जन्मल्या. सीमेपलीकडच्या पाकिस्तानातही किरण हे मुलीचेच नाव. याउलट मराठीत किरण नगरकर. १९४२ साली मुंबईत जन्मले, १९७४ साली 'सात सक्कं त्रेचाळीस' ही मराठी कादंबरी दिली, पुढे इंग्रजीत 'ककोल्ड' लिहून २००० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार घेतला. २०२१ सालचा मराठीचा साहित्य अकादमी पुरस्कार 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' या कथासंग्रहाला, लेखक किरण गुरव. पक्ष्यांच्या मागे रानोमाळ हिंडून लिहिणारे किरण पुरंदरे. दक्षिणेत एकसंध आंध्र प्रदेशाचे शेवटचे मुख्यमंत्री किरणकुमार रेड्डी, आणि २०१५ ते २०१८ या काळात इस्रोचे अध्यक्ष असलेले ए. एस. किरणकुमार. एकाच उड्डाणात १०४ उपग्रह सोडण्याचा २०१७ सालचा पराक्रम त्यांच्याच कारकिर्दीतला. उत्तरेला नेपाळात गेलो तर पुन्हा पुरुष. माओवादी नेते मोहन वैद्य यांनी भूमिगत काळात घेतलेले टोपणनाव 'किरण' हेच होते आणि राष्ट्रीय फुटबॉल संघाचा गोलरक्षक किरण चेमजोंग.

चित्र जवळजवळ स्वच्छ आहे. जिथे शब्द स्त्रीलिंगी तिथे नाव बायकांकडे झुकले, जिथे पुल्लिंगी तिथे पुरुषांकडे. गुजरातीत शब्द नपुंसक, तर नावाने दोन्ही दारे उघडी ठेवली. गुजराती आईबापांची बंगळुरात जन्मलेली लेक किरण मजुमदार-शॉ, आणि मराठी घरातला का असेना, पण बडोद्याचा यष्टिरक्षक किरण मोरे.

व्याकरणाचा हा जोर खरा आहे हे कमल या नावावरून पडताळता येते, कारण तिथे चित्र बरोबर उलटे होते. मराठीत कमळ नपुंसकलिंगी, आणि मराठी कमल बहुधा बाई असते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या कमल रणदिवे, कथा-कादंबरीकार कमल देसाई. हिंदीत कमल पुल्लिंगी, आणि 'डॉन'मध्ये नारंगची भूमिका करणारे कमल कपूर पुरुष. मराठीतली एक खोड इथे ध्यानात येते. फुलांची नपुंसकलिंगी नावे आपण बिनदिक्कत मुलींना देतो. ते कुसुम, ते सुमन, ते कमळ, आणि पाळण्यात मात्र ती कुसुम, ती सुमन, ती कमल.

पण जोर म्हणजे सक्ती नव्हे. हिंदीत 'विजय' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, तिथे 'विजय हुई' म्हणतात, तरी विजय नावाची हिंदीभाषक बाई सहसा भेटत नाही. कीर्ती तर मराठीत, हिंदीत, सगळीकडे स्त्रीलिंगीच. संगीत रंगभूमीच्या कीर्ती शिलेदार बाई होत्या हे ठीक, पण १९८३ सालच्या विश्वचषक संघातले कीर्ती आझाद? ज्योती बसू? व्याकरण नावाला एका दाराकडे ढकलते, आत शिरायचे की नाही ते दुसरेच कोणी ठरवते. हा दुसरा कोणी म्हणजे नावाचा शेजार.

पूर्वी नाव एकटे फिरत नसे. विठ्ठलला पंत किंवा राव होता, विठाला बाई होती. रंगराव, रंगूबाई. मूळ शब्दाचे लिंग काय याची कोणाला फिकीर नव्हती, कारण शेपटाने ते काम केले होते. बंगालमध्ये किरणला अशी शेपटे लागलेली स्पष्ट दिसतात. काँग्रेसचे नेते किरणशंकर रॉय, ज्यांनी १९४७ साली शरच्चंद्र बोस आणि सुऱ्हावर्दी यांच्याबरोबर अखंड बंगालचा प्रस्ताव मांडला, त्यांच्या नावात शंकर आहे, गोंधळाला जागाच नाही. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या १९१७ सालच्या 'चरित्रहीन' कादंबरीतली नायिका किरणमयी. मामा वरेरकरांच्या अनुवादांतून शरदबाबूंची पात्रे मराठी घरांत माहेरवाशिणींसारखी ये-जा करू लागली, त्यामुळे किरणमयी हे नाव आपल्या आज्यांनाही परके नव्हते. किरणबाला, किरणचंद्र, किरणकुमार हे त्याच जातीचे. हिंदी पडद्यावर जीवन यांचा मुलगा किरणकुमार म्हणूनच आला.

विसाव्या शतकात शेपटे गळू लागली. देवादिकांची, आजा-पणज्यांची नावे मागे पडून प्रकाश, उषा, निशा, संध्या, किरण अशी निसर्गातली, कोणत्याही पोथीशी न बांधलेली सुटसुटीत नावे आली. शहरात राव-पंत जुनाट वाटू लागले, आणि 'बाई'ची तर इतकी घसरण झाली, की शाळेतल्या बाई आणि धुण्याभांड्याच्या बाई एवढ्याच काय त्या उरल्या. शेपूट गेल्यावर उघड्यावर पडलेले नाव आपले लिंग सांगेनासे झाले. किरण उभयलिंगी झाला तो कोणी तसे ठरवले म्हणून नव्हे, त्याच्या शेजारचा माणूस उठून गेला म्हणून. एखाद्या शब्दाचा अर्थ 'दोघांनाही शोभेल असा' असतो म्हणून तो दोघांचे नाव होतो, हे नावांच्या पुस्तकांतले लाडके स्पष्टीकरण प्रस्तुत वक्त्याला पटत नाही. उजेड कोणाला शोभत नाही? तरी प्रकाश मुलगा आणि प्रभा मुलगी, यात तडजोड नाही.

शेजार टिकला तर काय होते ते शिखांमध्ये पाहावे. तिथे गुरू ग्रंथसाहिब उघडून जो हुकूमनामा निघतो, त्याच्या पहिल्या अक्षरावरून नाव ठेवण्याची रीत आहे. नाव मुलाचे की मुलीचे ही काळजी तिथे करावी लागत नाही, कारण पुढे सिंग किंवा कौर लागणारच. म्हणून भारतीय पुरुष हॉकी संघाचा कर्णधार हरमनप्रीत सिंग, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक उचलणारी हरमनप्रीत कौर. माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांच्या पत्नीचे नाव नवज्योत कौर आहे आणि त्या आमदार होत्या. नवरा-बायकोचे एकच नाव, तरी मतपत्रिकेवर घोटाळा नाही.

मराठी लग्नात असे झाले तर? आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरामुलगा सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचे नवे नाव लिहितो. हल्ली पुष्कळजणी माहेरचेच नाव ठेवतात, तिथे तेच नाव पुन्हा लिहून विधी उरकतात. पण वधूही किरण आणि वरही किरण असेल तर भटजींसकट मांडवातले सगळे कान टवकारतात. त्यात उखाण्याचा प्रश्न वेगळाच. नवऱ्याचे नाव एरवी तोंडाने घ्यायचे नाही ही जुनी चाल कसोशीने पाळायची म्हटली, तर त्या बिचारीने बँकेत स्वतःचे नाव तरी कसे सांगावे?

मराठी बोलताना मात्र हा घोळ एका वाक्यापुरताच टिकतो. 'किरण आला', 'किरण आली', क्रियापद लगेच चुगली करते. आदरार्थी बोलावे तर 'किरण आले' आणि 'किरण आल्या'. त्यातून किरणदादा, किरणताई, किरणभाऊ, किरणमॅडम आहेतच. घोळ होतो तो क्रियापद नसलेल्या जागी: हजेरीपटावर, आरक्षणाच्या यादीत, कुरिअरच्या पाकिटावर, मोबाइलमध्ये साठवलेल्या क्रमांकांत. म्हणून मराठी माणूस 'किरण गॅस' आणि 'किरण मावशी पुणे' अशी नवी शेपटे स्वतःच लावून घेतो. राव आणि बाई गेले, त्यांच्या जागी शेगडी आणि गाव आले. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे कचेरीच्या ई-मेलमध्ये आठवडाभर 'डिअर सर' चालते आणि बैठकीत दार उघडून बाई आत येतात. किरण मजुमदारांनी १९७८ साली, वयाच्या पंचविशीत, बायोकॉन सुरू केली तेव्हा तरुण बाईला कर्ज द्यायला बँका कचरत होत्या, हे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. कागदावर नाव झाकते, पण कर्ज मागायला माणसाला स्वतः जावे लागते.

या नावाने क्रिकेटच्या मैदानावर जेवढी मजा केली तेवढी कुठेच नाही. किरण मोरे ४९ कसोटी खेळले. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला नरेंद्र हिरवाणीने पदार्पणात १६ बळी घेतले, ती कसोटी सगळ्यांना आठवते. त्याच सामन्यात मोऱ्यांनी एका डावात पाच आणि एकूण सहा फलंदाजांना यष्टिचीत केले, हा विश्वविक्रम होता, आणि तो हिरवाणीच्या सावलीत झाकला गेला. मोऱ्यांच्या नशिबी प्रसिद्धी आली ती वेगळ्याच कारणाने. ४ मार्च १९९२, सिडनी, विश्वचषक. अपिलांच्या आरडाओरड्याने वैतागलेल्या जावेद मियाँदादने त्यांच्यासमोर बॅट धरून बेडकासारख्या उड्या मारल्या. ते दृश्य आजही फिरत असते.

दुसरी किरण पाकिस्तानची. मार्च २००४ मध्ये कराचीत वेस्ट इंडिजविरुद्ध किरण बलूचने कसोटीत २४२ धावा केल्या आणि महिला कसोटीतला मिताली राजचा २१४ धावांचा विक्रम मागे टाकला.

तिसरी आपली. किरण नवगिरे सोलापूर जिल्ह्यातली, आधी भालाफेकीसारख्या मैदानी खेळांतली. महाराष्ट्राच्या संघात जागा मिळेना म्हणून नागालँडकडून खेळायला गेली आणि २०२२ साली अरुणाचल प्रदेशविरुद्ध टी-ट्वेंटी सामन्यात १६२ धावा ठोकल्या. या प्रकारात दीडशेच्या पुढे जाणारी ती पहिली भारतीय, आणि इथे 'भारतीय' म्हणताना पुरुषही धरायचे. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याला महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये ती उतरली तेव्हा बॅटला प्रायोजक नव्हता. कोऱ्या बॅटवर तिने स्वतःच्या हाताने धोनीची आद्याक्षरे आणि ०७ हा त्याचा आकडा लिहिला होता. पंचवीस चेंडूंत अर्धशतक झाले आणि सप्टेंबरमध्ये ती इंग्लंडविरुद्ध भारताकडून खेळली. मोरे आणि नवगिरे, दोघांची मातृभाषा मराठी, दोघांचे नाव किरण, एक बडोद्याचा आणि एक सोलापूरकडची. मराठीत हे नाव पुरुषी आहे असे वर म्हटले खरे, पण नवगिरेंच्या पिढीत ते सैल झालेले दिसते. 'लागिरं झालं जी' ही मालिका २०१७ साली सुरू झाली, तिच्यात खलनायक भैय्यासाहेब झालेला किरण गायकवाड आणि जयडी झालेली किरण ढाणे एकाच पडद्यावर होते. श्रेयनामावलीत दोन किरण, आणि महाराष्ट्राला दोघांत कधी घोटाळा वाटला नाही.

या सैल होण्यात हिंदी सिनेमाचा हात असावा. डिसेंबर १९९३ मध्ये यश चोप्रांचा 'डर' आला. जुही चावलाच्या नायिकेचे नाव किरण, आणि तिच्यामागे वेडा झालेला शाहरुख खान ते नाव अडखळत उच्चारतो. मग पुढची काही वर्षे गल्लीतल्या प्रत्येक किरणला, मग तो मिसरूड फुटलेला का असेना, तशीच अडखळती हाक ऐकावी लागली. तोवर शाळेत किरणच्या चिडवण्याची मजल 'किराणा'पर्यंतच होती. (किराणा घराण्याचा या किरणशी काही संबंध नाही. ते नाव उत्तर प्रदेशातल्या कैराना गावाचे. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, त्यामुळे ते आपल्याला घरचेच वाटते.) एका बाजूने हिंदीतली 'ती' किरण दूरचित्रवाणीवरून रोज घरात येत होती. बी. आर. चोप्रांच्या 'महाभारता'त गंगा झालेल्या किरण जुनेजाही त्यातल्याच. दुसऱ्या बाजूने मुलींना आकारान्त-ईकारान्त नावच पाहिजे हा आग्रह शहरांत ओसरत होता. उलट वाहतूक मात्र फारशी झाली नाही. उत्तरेत मुलांची नावे किरण ठेवण्याची लाट आली नाही. मुलांची नावे मुलींकडे जातात, पण मुलींची झालेली नावे मुलांकडे परत येत नाहीत, हे इंग्लंड-अमेरिकेत लेस्ली, इव्हलिन, बेव्हर्ली यांच्या बाबतीत घडले आहे. तिथे ही मूळची पुरुषांची नावे हळूहळू बायकांची झाली आणि मग आईबापांनी मुलग्यांसाठी ती टाकून दिली. मराठीत किरणचे अजून तसे झालेले नाही, याचे श्रेय कदाचित त्या 'आशेचा' मधल्या 'चा'ला द्यावे लागेल.

इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर तिथल्या एका तोतया भावाची ओळख करून द्यायला हवी. आयर्लंडमध्ये कियारान नावाचे संत होऊन गेले. त्यातल्या एकाने सहाव्या शतकात शॅनन नदीकाठी क्लॉनमॅकनॉइसचा मठ स्थापन केला. त्यांच्यावरून आलेले किअरन हे नाव इंग्रजी मुलखात मुलांचे म्हणून चांगले रुळले आहे. मूळ शब्द 'कियार', अर्थ काळा, आणि 'आन' हा लाडाचा प्रत्यय. म्हणजे किअरनचा अर्थ काळू. मुंबई इंडियन्सकडून २०१० ते २०२२ अशी तेरा वर्षे वानखेडेवर षटकार मारणारा त्रिनिदादचा कायरन पोलार्ड हा या काळूच्या घराण्यातला, आपल्या उजेडाच्या नव्हे. परदेशातल्या मराठी आईबापांना हा योगायोग फार सोयीचा पडतो. मुलाचे नाव किरण ठेवले की आजीला सूर्य ऐकू येतो आणि वर्गशिक्षिकेला शेजारचा आयरिश मुलगा. मुलीचे ठेवले तर मात्र त्याच वर्गशिक्षिकेच्या मनात ती पहिल्या दिवशी मुलगा असते.

लोकप्रियतेचे म्हणाल तर किरण आता मध्यमवयीन नाव झाले आहे. वर आलेल्या माणसांची जन्मसाले पाहिली तर, किरणशंकर रॉय सोडता, ती १९४० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत पसरलेली आहेत. आजच्या बारशात विहान, आरव, अन्वी, कियारा ऐकू येतात. यातली कियारा हे आपल्याला अगदी भारतीय वाटणारे नाव त्याच आयरिश काळूच्या बहिणीचे असण्याची शक्यता आहे, पण ते असो.

नव्या पिढीत किरण पाळण्यात कमी येईल, तरी कागदावर त्याची वर्दळ वाढणार आहे, आणि ती वेगळ्या रकान्यात. आपल्या पद्धतीत स्वतःचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, आडनाव अशी तीन घरे असत. मधल्या घरात किरण दिसला की तो पुरुषच, यात शंका घ्यायचे कारण नव्हते. सगळ्या महाराष्ट्रात किरणचे लिंग खात्रीने सांगणारी तेवढी एकच जागा होती. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी क्रम बदलला: मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आता दुसऱ्या घरातली किरण आई, तिसऱ्या घरातला किरण वडील. ही मुले २०३० च्या सुमारास पहिलीत बसतील. तेव्हा गुरुजींना हजेरी घेताना नाव कितव्या घरात आहे ते मोजावे लागेल, आणि एखाद्या पोराचे दोन्ही पालक किरण निघाले तर हजेरीपटावर एकाच ओळीत तो शब्द लागोपाठ दोनदा येईल. मुख्याध्यापक तो छपाईची चूक समजून एक खोडायला निघतील, आणि मग आईबापांपैकी कोणीतरी एक किरण शाळेत चक्कर मारून सांगेल, की खोडू नका, दोन्ही बरोबर आहेत.